मागच्या बाजूचा नंबर

आई-बाबांच्या लग्नाच्या अल्बमच्या पहिल्या पानावर सांगलीतल्या एका स्टुडिओचा शिक्का आहे. त्या स्टुडिओच्या मालकांना मी लहानपणापासून काका म्हणते. गेल्या दिवाळीत त्यांचा फोन आला. "पोरी, तू ते वेबसाइटचं करतेस न्हवं? मला एक करून दे की. मार्चला दुकान सोडतोय मी."

मी पुण्यात एका कंपनीत फ्रंटएंडचं काम करते. फोटोग्राफरची पोर्टफोलिओ साइट म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात सोपं काम. वर एक मोठा फोटो, खाली ग्रिड, मग "माझ्याविषयी" आणि फोन नंबर. दोन वीकेंडमध्ये होईल म्हणून मी लगेच हो म्हटलं. "तुम्ही फक्त पन्नास-साठ चांगले फोटो काढून ठेवा."

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फोटो कुठायत?"

मी विसरलेच होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा काकांचं दुकान कित्येक दिवस पाण्यात होतं. १९८१ पासूनच्या निगेटिव्ह मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होत्या. रिळांच्या पट्ट्या कापून, पाकिटांत घालून, पाकिटांवर नंबर टाकून ठेवलेल्या. २००५ च्या पुरात पाणी कुठवर आलं त्याची खूण काकांनी भिंतीवर करून ठेवली होती आणि महत्त्वाचं सगळं त्या खुणेच्या वर लावलं होतं. २०१९ ला पाणी त्याही वर गेलं.

निगेटिव्हवरचा थर जिलेटिनचा असतो. भिजला तरी तो काही काळ तग धरतो. पण बंद पाकिटात तो वाळला की पट्टी पट्टीला चिकटते, आणि सोडवायला गेलं की चित्रच सुटून येतं. काकांना हे पक्कं माहीत होतं. पण गावात लाइट नव्हती, स्वच्छ पाणी नव्हतं, आणि आधी घरातला गाळ काढायचा होता. मी तेव्हा नोकरीला नवीन होते. त्याच सुमारास क्रोमची ७६ वी आवृत्ती आली होती. पानावरचे फोटो गरज पडेल तेव्हाच उतरवून घ्यायची सोय तिच्यात होती, आणि आम्ही ऑफिसात त्यावर खूश होतो. मला ते आठवतं, कारण माझ्या एका स्क्रीनवर ती बातमी होती आणि दुसऱ्या स्क्रीनवर पाण्यातली सांगली.

तर चाळीस वर्षं काम केलेला फोटोग्राफर होता, डोमेन घेऊन झालं होतं, आणि दाखवायला काही नव्हतं. काम अडलं की मी वाचत बसते. त्या दोन महिन्यांत मी फोटोग्राफर लोकांनी आपलं काम आजवर कसं दाखवलं याचा इतिहास वाचत बसले. हा लेख त्यातूनच आला आहे.

सुरुवात इंग्लंडमधली आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉटने १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक सहा भागांत काढलं. त्यात २४ फोटो होते. फोटो कागदावर शाईने छापायची चांगली सोय तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक प्रतीत प्रत्येक फोटो हाताने चिकटवला होता. आपण काय बघतोय हे लोकांना कळेना, म्हणून पुस्तकात एक सूचनाच घातलेली: ही चित्रं केवळ प्रकाशाने उमटलेली आहेत, कोणा चित्रकाराने काढलेली नाहीत. एका फोटोत मांडणीवरची चिनी मातीची भांडी आहेत. टॅलबॉट म्हणतो, उद्या ही चोरीला गेली आणि हा मुका साक्षीदार कोर्टात उभा केला, तर न्यायाधीश काय म्हणतील? मला हे फार आवडलं. फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकात 'वस्तू गेली तरी फोटो राहील' हा विचार आहे. गंमत अशी की टॅलबॉटचेच कितीतरी फोटो काही वर्षांत फिके पडले. फोटो का उडतात याचा तपास करायला लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये चक्क एक समिती नेमली होती.

मुंबई यात फार मागे नव्हती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते, आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढायचे. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी १८५६ च्या अखेरीस 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचं मासिक सुरू केलं. अंकात खरे प्रिंट चिकटवलेले आणि सोबत थोडा मजकूर. आज आपण ज्याला सबस्क्रिप्शन म्हणतो तेच.

पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ मध्ये एक पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायचे, कापायचे आणि व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. फोटो स्वस्त झाले. सगळी कार्डं एका मापाची, म्हणून ती सरकवायच्या खाचा असलेले अल्बम निघाले. आम्ही वेब डिझाइनमध्ये दिवसभर "कार्ड लेआउट", "अल्बम", "गॅलरी" म्हणत असतो. हे शब्द कुठून आले याचा मी कधी विचार केला नव्हता. २००५ मध्ये लोकेश ढकार या डेव्हलपरने फोटोवर क्लिक केलं की पान काळं करून फोटो मोठा दाखवणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि तिला 'लाइटबॉक्स' नाव दिलं. पुढे जगभरच्या साइट्सवर ती दिसायला लागली. काकांच्या दुकानात खराखुरा लाइटबॉक्स होता: लाकडी पेटी, आत ट्यूबलाइट, वर दुधी काच. त्यावर निगेटिव्ह ठेवून भिंगातून बघायची. माझ्या स्क्रीनवरचा लाइटबॉक्स बघून काका म्हणाले, "ह्याला कशाला लाइटबॉक्स म्हणता गं? हे तर काळं आहे."

काकांची एक वेबसाइट आधी होती, हे मला त्याच दिवशी कळलं. २००८ च्या आसपास एका कॉम्प्युटर क्लासवाल्या मुलाने ती फ्लॅशमध्ये करून दिली होती. उघडली की सनई वाजायची आणि फोटोंची पानं अल्बमसारखी उलटायची. त्या काळात जगभरचे फोटोग्राफर फ्लॅशच्याच मागे होते, आणि त्याला कारण होतं. वेब मुळात मजकुरासाठी जन्मलं. फोटो पानातच, ओळीत बसवायचा टॅग मार्क अँड्रीसनने १९९३ च्या फेब्रुवारीत सुचवला. त्यावर वाद चालू असतानाच त्याच्या मोझेक ब्राउझरमध्ये तो आलासुद्धा. पण त्या टॅगने फोटो फक्त दिसायचा. तो कुठे, केवढा, कुठल्या क्रमाने दिसेल यावर फोटोग्राफरचा ताबा नव्हता, आणि उजवं बटण दाबून कोणीही तो उचलून नेऊ शकत होतं. फ्लॅशने तो ताबा दिला. मग आयफोनवर फ्लॅश चाललंच नाही, फोनवर बघणारे वाढत गेले, आणि ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार कायमचा काढून घेतला.

काकांच्या त्या साइटवर चाळीसेक फोटो होते. ते जुन्या निगेटिव्हवरून स्कॅन केलेले, म्हणजे पुराच्या आधीचे. मी धावत इंटरनेट अर्काइव्हवर शोधलं. पहिलं पान सापडलं. राखाडी चौकोन, आणि त्यात फ्लॅश प्लेअर बसवा अशी सूचना. फोटोंची फाइल त्यांच्या यंत्राने कधी जतन केलीच नव्हती. क्लासवाला मुलगा आता दुबईला असतो. त्याच्या जुन्या हार्डडिस्कचं काय झालं हे त्यालाही आठवत नाही.

इथे मला मेजर रॉबर्ट गिल आठवतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये या मद्रास लष्करातल्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलचित्रं केली आणि ती लंडनला पाठवली. तिथे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती टांगली होती. १८६६ च्या डिसेंबरमध्ये आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. पुढे मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. गिलने मधल्या काळात कॅमेरा हातात घेतला होता. त्याचे लेण्यांचे फोटो १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाले. पुस्तकाच्या प्रती अनेक, अनेकांच्या घरात. ते फोटो आज बघता येतात.

आमच्या क्षेत्रात बॅकअपचा एक नियम आहे: प्रती तीन, साधनं दोन वेगवेगळी, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. हा नियम रूढ करण्याचं श्रेय पीटर क्रॉग यांना देतात, आणि ते फोटोग्राफर आहेत. मी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "माझ्याबी प्रती बाहेर आहेत की. हजारो. लोकांच्या घरात."

आणि खरंच, लोक पैसे देऊन प्रिंट घेऊन गेले होते. मग आम्ही उलटं काम सुरू केलं. काकांच्या ओळखीने, आईच्या भिशीच्या ग्रुपवरून, माझ्या शाळेच्या ग्रुपवरून निरोप फिरवला. लोकांनी हौसेने फोटो पाठवले, व्हॉट्सअॅपवर: अल्बमचा प्लास्टिकचा कागद न काढता, ट्यूबलाइटखाली, तिरके. व्हॉट्सअॅप ते आणखी दाबतं. त्यांचा काही उपयोग नव्हता. मग डिसेंबर-जानेवारीतल्या शनिवारी मी सांगलीला जायचे, एक स्कॅनर पिशवीत घालायचे, आणि काकांच्या मागे स्कूटरवर बसून विश्रामबाग, मिरज, कुपवाड, माधवनगर करायचे. प्रत्येक घरात चहा. ज्यांच्या घरात पाणी आलं होतं त्यांचे अल्बमही गेलेले, पण कोणाच्या तरी मामाकडे, आत्याकडे चार फोटो निघायचे.

गोळा झाले १४३. आता प्रश्न आला की हे फोटो कोणाचे आणि कधीचे. काकांना चेहरे आठवत होते, वर्षं आठवत नव्हती.

उत्तर मला सॅम्युअल बोर्नने दिलं. हा इंग्रज १८६३ मध्ये भारतात आला, हिमालयात काचा आणि रसायनांचं लटांबर घेऊन हिंडला आणि १८७० मध्ये परत गेला. पण बोर्न अँड शेफर्ड हा कलकत्त्याचा स्टुडिओ त्याचे फोटो पुढे कितीतरी वर्षं विकत राहिला. प्रत्येक निगेटिव्हवर नंबर कोरलेला असे, तो प्रिंटच्या कोपऱ्यात उमटे, आणि छापील कॅटलॉगमध्ये त्या नंबरसमोर जागेचं नाव असे. गिऱ्हाइकाने नंबर कळवला की प्रिंट मिळे. १९९१ मध्ये स्टुडिओला आग लागली आणि संग्रहाचा मोठा भाग गेला. २०१६ मध्ये स्टुडिओच बंद झाला. तरी जगात कुठेही बोर्नचा सुटा प्रिंट निघाला की कोपऱ्यातल्या नंबरावरून तो कुठला हे लावता येतं.

हे वाचलं त्या रात्री मी आई-बाबांच्या अल्बममधला एक फोटो कोपऱ्यातून सोडवला. मागे शिक्का, आणि शिक्क्याखाली पेन्सिलने एक नंबर. काकांना फोन केला. "तो व्हय? ऑर्डर नंबर. सगळ्यावर आहे." रजिस्टरं? ती घरी होती, वरच्या मजल्यावर. इन्कम टॅक्सला लागतात म्हणून काकूंनी ती कधीच दुकानात ठेवू दिली नव्हती.

अकरा रजिस्टरं. एकेक ओळ: नंबर, तारीख, नाव, कशाचे फोटो, साइज, कॉपी, ॲडव्हान्स, बाकी. डेटाबेस शिकताना आम्हाला सांगतात की प्रत्येक नोंदीला एक कधी न बदलणारी ओळख हवी. काकांनी ती १९८१ पासून पाळली होती. फायली सगळ्या गेल्या आणि टेबल तेवढं शाबूत राहिलं, असा प्रकार मी कामात कधी पाहिला नव्हता. १४३ पैकी ९८ फोटोंच्या मागे नंबर वाचता आला.

पण रजिस्टरात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. 'नाव' या रकान्यात पैसे देणाऱ्याचं नाव असतं. लग्न असेल तर मुलीच्या वडिलांचं. फोटो शंभर टक्के नवरीवर रोखलेले, आणि नवरीचं नाव अकराही रजिस्टरांत एकदाही नाही.

फोटोतल्या माणसाला नाव नसणं ही सवय जुनी आहे. वर आलेल्या जॉन्सननेच पुढे मुंबईतल्या रहिवाशांवर दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. दुसरा महाराष्ट्राचा. माणसांचे फोटो त्याने एकीकडे घेतले, आणि ती आकृती कापून मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीच्या किंवा बागेच्या फोटोवर बसवून पुन्हा फोटो घेतला. आपण आता बॅकग्राउंड बदलतो तसं, फक्त कात्रीने. खाली मथळा जातीचा. सरकारने १८६८ ते १८७५ दरम्यान काढलेल्या 'द पीपल ऑफ इंडिया'च्या आठ खंडांतही बहुतेक पानांवर असंच आहे. माणूस समोर उभा आहे, थेट आपल्याकडे बघतोय, आणि खाली त्याच्या जमातीचं नाव आणि स्वभावावर चार शेरे. मी साइटच्या फॉर्ममध्ये 'वर्ग' असा रकाना ठेवला होता: लग्न, मुंज, बारसं, पोर्ट्रेट. हे खंड चाळल्यावर तो मी काढून टाकला आणि तिथे 'फोटोत कोण' असा रकाना घातला. तो भरण्यासाठी पुन्हा घरोघर फोन. हे काम मात्र काकूंनी केलं.

त्या फोनांमधूनच पुढचा पेच आला.

१९८७ चा एक फोटो. अंतरपाट नुकताच खाली आला आहे, अक्षतांचा पाऊस अजून हवेत आहे, आणि नवरी मान वर करून मोठ्याने हसते आहे. त्या काळच्या लग्नात नवरीने हसायचं नसे. काका म्हणतात, आयुष्यात काढलेला हा सगळ्यात चांगला फोटो. तो तिच्या भावाकडे मिळाला, भावाने आनंदाने दिला, आणि मी तो साइटच्या पहिल्या पानावर पूर्ण रुंदीत लावला. काकूंनी नाव विचारायला तिला फोन लावला. ती आता कोल्हापूरकडे असते. ती म्हणाली, "तो फोटो नको लावू, वहिनी." कारण सांगितलं नाही, काकूंनी विचारलं नाही.

काकांना राग आला. "फोटो मी काढला. चेहरा तिचा असंल, फोटो माझा."

मी कायदा वाचला. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं की कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे काका नाहीत. पण म्हणजे ती तरी कुठे? रजिस्टरातलं नाव तिच्या वडिलांचं, आणि ते वारलेत. ज्याने फोटो दिला तो भाऊच कदाचित कायद्याने तिच्यापेक्षा जवळचा ठरेल.

इंग्लंडमध्ये १८८८ मध्ये असा एक खटला झाला. श्रीमती पोलार्ड यांनी एका स्टुडिओत पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला. फोटोग्राफरने त्याच फोटोला पानाफुलांची सजावट करून ख्रिसमस कार्ड केलं आणि दुकानाच्या काचेत लावलं. कोर्टाने त्याला मनाई केली: गिऱ्हाइकासाठी काढलेली निगेटिव्ह गिऱ्हाइकासाठीच वापरायची, हे बोलून दाखवलं नसलं तरी ठरलेलंच असतं. आपल्याकडे हैदराबादला राजा दीनदयाळ यांना हे कोर्टाशिवाय समजलं होतं. रुरकीच्या कॉलेजात शिकलेले हे इंजिनिअर आधी इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि मग फोटोग्राफर झाले. हे वाचून मला उगीचच बरं वाटलं. त्यांनी १८९२ मध्ये खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. चालवणारी बाई, फोटो काढणारी बाई, आत पुरुषाला मज्जाव. दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून जास्त काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. राजवाडे, शिकारी, व्हाइसरॉय. त्या फोटोंमधून त्यांचं नाव जगभर झालं. पडद्याआडचे फोटो ज्या घरांसाठी काढले त्या घरांत गेले.

पोलार्डबाईंचं मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांना त्यांचीच एक गोष्ट आठवली. १९९० च्या दशकात त्यांनी शोकेसमध्ये एका कॉलेजच्या मुलीचा फोटो लावला होता. वडील येऊन समोर उभे राहिले. भांडले नाहीत, फक्त म्हणाले, जाता-येता पोरं थांबतात. काकांनी त्यांच्यासमोर काच उघडून फोटो काढून दिला. "तवा मला कायदा कुठं माहीत होता?"

तो फोटो मी काढला. पहिल्या पानाचं काय करायचं हे मात्र ठरेना. मी तीन-चार दुसरे फोटो लावून दाखवले. काका प्रत्येकाला "असू दे" म्हणायचे, म्हणजे आवडलं नाही. शेवटी एका शनिवारी ते म्हणाले, "रजिस्टरचं पान लाव. त्या नंबराचं नको, दुसरं कुठलंबी. नावं झाकून."

साइट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. पहिल्या पानावर १९८४ च्या रजिस्टरचं एक पान आहे, काकांच्या अक्षरातलं: नंबर, साइज, कॉपी, बाकी. 'नाव' हा रकाना मी पुसट केला आहे. खाली ९७ फोटो, प्रत्येकाखाली फोटोत कोण आहे ते आणि कोणाच्या घरून मिळाला ते. जावास्क्रिप्ट जवळजवळ नाही, साधं एचटीएमएल आहे. सगळ्याची एक प्रत काकांच्या मुलीकडे नाशिकला, एक माझ्याकडे. पाण्याचे डाग मला ठेवायचे होते, काकांनी बसून एकेक काढायला लावले. "लोकांनी लग्न बघायचं. पूर कशाला बघायचा?"

दुकान सोडलं त्या दिवशी मी तिथे होते. लाइटबॉक्सची दुधी काच पुरात फुटली होती, पेटी शाबूत होती. ती मी पुण्याला आणली आहे. आणि एप्रिलमध्ये काकूंना कोल्हापूरहून फोन आला होता. १९८७ च्या त्या फोटोची एक चांगली कॉपी मिळेल का, असं ती विचारत होती. आठ बाय दहा, मॅट. काकांनी रजिस्टर उघडून नवीन नंबर टाकला. नावाच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं, आणि 'बाकी'पुढे रेघ मारली.